जोडून आलेली सुट्टी

नवे कॅलेंडर घरात आले की आपण पहिल्याने काय पाहतो? गुरुजी पाहतात मुहूर्त, आजी पाहते एकादशी आणि संकष्टी, आणि कॉलेजात जाणारी मुले पाहतात ती जोडून आलेली सुट्टी. शुक्रवारी किंवा सोमवारी एखादा लाल आकडा दिसला की त्याला शनिवार-रविवार चिकटवायचे, आणि मग बेत सुरू. "आजीकडे जाऊ या. चौघे मित्र येतील. घर मोठे आहे, विहीर आहे, आगर आहे." निरोप घरी पोचतो. आजी तक्रारीच्या सुरात म्हणते, "चौघे? आधी तरी कळवायचे!" आणि त्याच पावली तांदूळ निवडायला बसते.

मी व्यवसायाने शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण कॉलेजची पायरी मी कधी चढलो नाही. कॉलेज म्हणून मला जे काही ठाऊक आहे, ते आमच्या घरी सुट्टीला आलेल्या मुलांच्या तोंडून. म्हणूनच असेल कदाचित, या साध्या गोष्टीचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. चार मुले तीन दिवसांसाठी एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी येतात, जेवतात, हुंदडतात, जातात. यात इतिहास तो कसला? पण वाचकहो, जरा खोलात शिरून पाहा. हे घडायला तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. सुट्टी हवी, जायला वाट हवी, आणि पोचल्यावर पंगतीत पान हवे. या तिन्ही गोष्टी आपल्या मुलखात आपोआप आलेल्या नाहीत. एकेक मिळवावी लागली आहे, आणि तिसरी तर अजून पुरती मिळाली की नाही, याचा निवाडा ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात जाऊन करायचा आहे.

आधी सुट्टीचे पाहू. जुन्या पाठशाळांत अनध्याय असत. प्रतिपदा, अष्टमी, अशा तिथींना पाठ बंद. शेतकऱ्याला आठवड्याची सुट्टी ठाऊक नव्हती. त्याची विश्रांती पावसावर आणि सणावर. रविवार ही साहेबाच्या कचेरीची चाल. ती कचेरीतल्या कारकुनाला मिळाली, शाळेतल्या मुलाला मिळाली. पण मुंबईच्या गिरण्यांत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबणाऱ्या माणसाला ती नव्हती. त्याच्यासाठी ती मागितली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. हे ठाण्याकडचे, महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा भरवल्या, अर्ज केले. आठवड्याचा एक दिवस मोकळा हवा, आणि तो रविवार असावा, ही त्यांतली एक मोठी मागणी. रविवारच का? तर तो खंडोबाचा वार, असेही लोखंड्यांचे म्हणणे होते. साहेबाच्या रविवारला त्यांनी असा भंडारा लावला! सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७ साली प्लेगाच्या साथीत गेले. आज रविवारी सकाळी उशिरापर्यंत लोळणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना त्यांचे नाव आठवते?

शनिवार रविवारला जोडला गेला तो फार पुढे. बड्या लोकांना तो आधीपासून होता. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे दख्खनची राणी सुरू झाली, ती आरंभी आठवड्याअखेरची गाडी. पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्या शौकिनांची सोय. आपल्या राज्य सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळायला २०२० साल उजाडावे लागले. म्हणजे लोखंड्यांच्या रविवारला पाठचा भाऊ मिळाला तो एकशे तीस वर्षांनी.

आता वाटेचे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, आणि १८६२ साली त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर हे दोघे. शिक्षण शहरात आणि घरे खेड्यात, ही ताटातूट तेव्हापासूनची. गरिबाचा मुलगा शिकायला शहरी गेला की वार लावून जेवायचा. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्याला जोडून सुट्टी आली तरी घरी जाणे कुठून जमणार? धोंडो केशव कर्वे, पुढे ज्यांना आपण महर्षी म्हणू लागलो, ते १८७५ साली परीक्षेला बसण्यासाठी सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले. कोकणातून घाट चढून, रानावनातून, कित्येक दिवसांची चाल. आणि तेथे पोचल्यावर अधिकाऱ्यांनी तोंडाकडे पाहून, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परत पाठवले! त्या पोराने परतीची वाट कशी तुडवली असेल, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मागल्या बाकावरची मुलेही गप्प होतात.

आगगाडी बोरीबंदराहून ठाण्याला धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. दहा वर्षांनी, १८६३ साली, बोरघाटातला लोहमार्ग पुरा झाला, आणि देशावरच्या मुलांना मुंबई जवळ आली. कोकणच्या मुलांना मात्र समुद्र होता, म्हणजे बोट होती. बोटीने हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत जायचे. बोट पुष्कळ ठिकाणी धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राही आणि पडाव येऊन माणसे उतरवून नेत. ट्रंक डोक्यावर, वहाणा हातात, धोतर गुडघ्यावर, अशा थाटात मुंबईचा विद्यार्थी घराच्या किनाऱ्याला लागायचा. पावसाळ्यात ही वाट बंद. आणि ती नेहमी सुखाचीच होती असेही नाही. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिना उरला असताना, 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढी अमावास्या तोंडावर आलेली. घरी सणाला निघालेली माणसे ती. किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत पुढे कितीतरी वर्षे त्या दिवसाचा विषय काढीत नसत.

पुढे १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एसटीची पहिली गाडी सुटली. आणि हळूहळू ती तांबडी गाडी आमच्या वळणावळणाच्या रस्त्यांवरही येऊन पोचली. माझ्या लहानपणी मुंबई-गोवा रस्ता म्हणजे रात्रभराचा प्रवास. महाडच्या स्थानकात गाडी थांबायची, चहा व्हायचा, कशेडीच्या घाटात अर्धी गाडी ओकायची, आणि पहाटे पहाटे खाली उतरल्यावर अंगणातल्या सारवणाचा वास यायचा. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा सबंध मार्ग सुरू झाला. आता मुंबईचा मुलगा रात्री बसतो आणि सकाळच्या घावनांना घरी असतो.

सुट्टी मिळाली. वाट झाली. राहिले पान.

इथे मात्र गाडी रुळावरून सरळ चालत नाही. मित्र घरी आणायचा म्हणजे त्याला जेवायला वाढायचे. आणि कोणी कोणाच्या पंगतीला बसावे, हा आपल्या समाजातला सर्वांत अवघड प्रश्न. शाळेच्या बाकावर शेजारी बसलेल्या दोन मुलांना पाटावर शेजारी बसता येत नसे. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग त्यांतले एक प्रमुख. बाकी बरीचशी नव्या शाळा-कॉलेजांत शिकलेली तरुण मंडळी. जातिभेद मोडायचा, म्हणून ही मंडळी एकत्र जमून पाव खात. पण कसे? तर गुप्तपणे, दार लावून! १८६० साली सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली, गाजावाजा झाला, आणि सभा मोडली. आज आपण या मंडळींना हसू शकतो. परंतु पावाच्या एका तुकड्यासाठी वाळीत पडायची तयारी ठेवणे, ही लहान गोष्ट नव्हती.

ज्या १८९० साली लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला, त्याच साली पुण्यात काय झाले ते पाहा. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी जमली. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली, आणि ग्रामण्य उभे राहिले. रानडे, टिळक यांच्यासारखी माणसे त्यात सापडली. प्रायश्चित्ताचा घोळ दोन-तीन वर्षे पुरला. एका कपातल्या चहाने एवढे वादळ! हा कप जरा ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

शिकणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय व्हावी म्हणून कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांचा पाया घातला. निरनिराळ्या समाजांची निरनिराळी वसतिगृहे निघाली. तशी काढली नसती तर त्या काळी ती भरलीच नसती. आधी मुलगा शहरात टिकला पाहिजे, मग पुढचे, हा महाराजांचा व्यवहार. त्यांच्याच पावलावर पाऊल टाकून कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढचा दरवाजा उघडला. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह काढले, तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एकत्र जेवत. १९२७ साली गांधीजींनी ते येऊन पाहिले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे सोने मोडले, हे साताऱ्याकडच्या घराघरांत सांगतात.

आणि त्याच काळात मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून १९१२ साली पदवीधर झालेल्या एका विद्यार्थ्याला कॉलेजच्या आवारातल्या हॉटेलवाल्याने चहा-पाणी देऊ नये, हेही घडत होते. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही आपले चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण कागदावरच्या पाण्याने तहान भागत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या मांडवात जेवायला बसलेल्या माणसांवर हल्ला झाला, अन्न मातीत मिसळले गेले. तळे 'शुद्ध' करून घेण्यात आले. कोर्टात दावा चालला तो दहा वर्षे; १९३७ साली हायकोर्टाने निकाल दिला, तळे सर्वांचे.

आमच्या रत्नागिरीतही त्या सुमारास वारे फिरत होते. सावरकर तेथे स्थानबद्ध होते. भागोजीशेठ कीरांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ साली सर्वांना उघडले, आणि सहभोजनाच्या पंगती उठू लागल्या. देऊळ खुले झाले, तळे खुले झाले; २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली; १९५५ साली ती पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा आला. एवढे झाल्यावर कॉलेजातल्या मित्राला आजीच्या घरी न्यायला काय अडचण उरली?

तेच आता सांगतो. इतके पुस्तकातले सांगितले, ते या पुढच्या एका गोष्टीसाठी.

१९९० साली २६ जानेवारी शुक्रवारी आली होती. जोडून सुट्टी. मी तेव्हा दहा वर्षांचा. माझा आतेभाऊ मुंबईला कॉलेजात शिकत होता. आमचे घर त्याचे आजोळ. आम्ही त्याला दादा म्हणत असू. आजोबांचे घर म्हणजे पडवी, ओटी, माजघर, मागे विहीर, पलीकडे पोफळीचे आगर. आणि आत आजीचे सोवळे. मी शाळेतला झेंडा करून हातात कागदी निशाण घेऊन परत येत होतो, तो बेड्यापाशी दादा आणि त्याचे तीन मित्र उभे. दादा त्यांतल्या एकाला हळू आवाजात सांगत होता, "आजी आडनाव विचारील. तू आपले दुसरे सांग. तीन दिवसांचा प्रश्न." तो मित्र क्षणभर गप्प राहिला, मग हसून म्हणाला, "बरे."

आजीने विचारलेच. त्याने सांगितले. तिचे समाधान झाले. आणि मग काय सांगू, त्या मुलाने घर जिंकले! रहाटावर तो, नारळ सोलायला तो, आजोबांच्या पाठीला तेल लावायला तो. रात्री ओटीवर त्याने आम्हाला मुंबईच्या गोष्टी सांगितल्या. आजी आईला म्हणाली, "मुलगा मोठा गुणी हो."

शनिवारी दुपारी पाने मांडली. केळीची हिरवीगार पाने, वालाची उसळ, आमसुलाचे सार, गरम भात. आजी वाढता वाढता म्हणाली, "महाडचा ना तू? महाडला आमचे नात्यातले होते. तुमचे घर कुठल्या आळीत?"

त्याने घास खाली ठेवला. म्हणाला, "आजी, काल मी खोटे सांगितले. ते माझे आडनाव नव्हे." मग त्याने खरे सांगितले. "माझे आजोबा सत्तावीस सालच्या मोर्चात होते. चवदार तळ्याचे पाणी प्याले होते. तुम्ही इतके मायेने वाढता आहात, म्हणून मला हे पुढे चालवता येईना."

मला आठवते, आईच्या हातातला साराचा वाडगा हिंदकळला. दादा पानाकडे बघत राहिला. आजोबा म्हणाले, "जेव बाबा. भरल्या पानावरून उठायचे नाही." आजी काही बोलली नाही. तिने भात वाढला, ताक वाढले. पंगत पुरी झाली. पाने उचलून गोठ्यात टाकली. मला वाटले, संपले. काही झालेच नाही.

चार वाजता चहा झाला. सगळे कप विसळून आजीने आत घेतले. एक मागे राहिला. निळ्या काठाचा, कान तुटलेला. तोच मुद्दाम त्याच्या वाट्याला आला होता. आजी मला म्हणाली, "बाळ, तो तेवढा पडवीच्या फळीवर ठेव."

ती फळी कशासाठी होती, हे मला ठाऊक होते. कामाला येणाऱ्या गड्यांच्या वस्तू तिथे असत. आणि मी तो कप उचलला, आणि ठेवला. पाठीमागे वळलो तो मागल्या दारात तो मुलगा उभा. त्याने पाहिले होते. माझ्याजवळ येऊन त्याने विचारले, "कितवीत आहेस?"

"चौथीत."

"काल झेंड्यापाशी प्रतिज्ञा म्हटलीत?"

"हो."

"पाठ आहे तुला?"

"हो, सगळी."

"शाबास," तो म्हणाला, आणि विहिरीकडे गेला. रविवारी पहाटेच्या पहिल्या गाडीने, अभ्यास राहिला आहे असे सांगून, तो एकटाच निघून गेला. आजोबा त्याला पोचवायला फाट्यापर्यंत गेले होते. त्या दोघांचे वाटेत काय बोलणे झाले, ते आजोबांनी कधी सांगितले नाही. दादाची आणि त्याची मैत्री पुढे टिकली नाही.

पुढे मी मास्तर झालो. आजपर्यंत किती वेळा मुलांकडून ती प्रतिज्ञा म्हणवून घेतली असेन! दर वेळी तो प्रश्न कानात येतो: पाठ आहे? आणि दर वेळी मला पान आणि कप यांतला फरक आठवतो. पान फेकून देता येते. एका दुपारचे औदार्य पानावर भागते. कप मात्र विसळून पुन्हा घरातल्या कपांत ठेवावा लागतो. पंगत ही चारचौघांत असते. फळी घरात असते. परमहंस सभेचा पाव, पंचहौदाचा चहा, चवदार तळ्याचे पाणी यांचा इतिहास पुस्तकांत आला, कारण तो बाहेर घडला. फळीचा इतिहास कोण लिहिणार? ज्याने कप ठेवला, त्यानेच लिहायला हवा.

आजी-आजोबा जाऊन आता बरीच वर्षे झाली. घरात माझे आईवडील असतात. मी नोकरीच्या गावी. २०२४ सालची २६ जानेवारीही, योगायोग असा, शुक्रवारीच आली. माझी मुलगी कॉलेजात आहे. तिचा निरोप आला, "बाबा, आम्ही पाच जण आजीकडे जातो आहोत. तुम्हीही या." मी आदल्या रात्रीच जाऊन पोचलो. खरे सांगायचे तर मला धास्ती वाटत होती.

सकाळी पोरे स्टेशनावरून आली. तीन मुली, दोन मुलगे. आई ओटीवर आली. एकेकाच्या पाठीवरून हात फिरवीत ती विचारू लागली, "नाव काय ग तुझे?" मुलीने नाव सांगितले. "आणि आड..." एवढे शब्द आईच्या तोंडून आले आणि ती थांबली. जुनी सवय, जिभेवर बसलेली. मी श्वास रोखून उभा. आई म्हणाली, "आणि आधी आंघोळी करणार, की आधी चहा?"

"चहा!" पाचही जणे ओरडली.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. चौतीस वर्षांत आम्ही त्या शनिवारविषयी कधी बोललो नव्हतो. मी म्हटले, "आई, तो निळ्या काठाचा कप आठवतो का ग?"

आई आधणात साखर टाकीत होती. मागे न वळता म्हणाली, "न आठवायला काय झाले? महिन्याचे ते चार दिवस पडवीत बसायचे असे, तेव्हा मीही त्याच कपाने चहा पीत होते. लग्न होऊन आले त्या वर्षापासून. तुला कुठे ठाऊक असणार!"

मला खरोखरच ठाऊक नव्हते. त्याच घरात वाढलो, त्या फळीवर स्वतःच्या हाताने कप ठेवला, आणि माझी आई त्याच फळीवरचा कप घेते हे मी पाहिले नव्हते. की पाहिले होते, पण दिसले नव्हते? त्या दिवशी सार वाढताना तिचा हात का हिंदकळला, याचा अर्थ मला चौतीस वर्षांनी लागला.

"मग त्या दिवशी तू काही बोलली का नाहीस?" मी विचारले.

"तू बोललास?" ती म्हणाली. मग गाळणी हातात घेत म्हणाली, "चल, कप मांड. पाच नि आपण तिघे. आठ."

मी आठ कप मांडले. चहा पिऊन झाल्यावर पोरांनी ते आपण होऊन मोरीवर नेले, खिदळत विसळले, आणि ओट्यावर पालथे घातले. मी जाऊन पाहिले. कुठला कोणाचा, काही कळत नव्हते. पडवीची ती फळी दुरुस्तीच्या वेळी केव्हाच निघाली आहे. भिंतीत दोन खुंट्यांची भोके तेवढी उरली आहेत. त्या मुलीचे आडनाव मला अजून ठाऊक नाही, आणि आईलाही नसावे.

तो महाडचा मुलगा आज साठीकडे झुकलेला असेल. त्यालाही मुले असतील, आणि तीही जोडून सुट्टी आली की मित्रांना घेऊन आजी-आजोबांकडे जात असतील. मला त्याचा ठावठिकाणा माहीत नाही. चुकून हा दिवाळी अंक त्याच्या हाती पडला, तर त्याने एवढे वाचावे: प्रतिज्ञा पाठ होती, पण कप मी ठेवला होता.

आणि आपण सारे? यंदा दिवाळीत मुले घरी येतील तेव्हा एकटी यायची नाहीत. फराळाचे डबे थोडे मोठे भरून ठेवा.